गुरुवारचं तापमान

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. कारण सरळ आहे. यात सुरुवातीला मी जो आहे, तो मला आवडत नाही. पण पुढे जे झालं ते इतकं भारी झालं की गप्प बसवत नाही. तर लिहितो. तुकड्यातुकड्यात लिहीन. मला असंच येतं.

"प्रल्हाद, खरं सांग. त्या दिवशी तू काही वेगळं केलं होतंस का?"

शाहीनताई ओव्हनसमोर स्टुलावर बसली होती. हातात रजिस्टर. एप्रिलची दुपार, पत्र्याची शेड, वर पंखा नुसता गरगर करतोय.

"नाही ताई," मी म्हणालो. "बघा ना, लिहिलंय. सोळा फेब्रुवारी, गुरुवार. दहा ते दोन. साठ डिग्री."

"ते मी शंभर वेळा वाचलंय रे."

बोलताना मी रजिस्टरकडे बघत होतो. तिच्याकडे नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. बारावी सायन्स नापास. विद्यापीठाच्या मटेरियल सायन्स विभागात कंत्राटी लॅब असिस्टंट. मशीन दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही. भंगारातले रेडिओ उघडत गेलो आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन मॅन्युअल वाचत गेलो. त्यामुळे विभागात काहीही बंद पडलं की "प्रल्हादला बोलवा". मला त्याचा माज होता. हे आधीच सांगून टाकतो.

शाहीन पठाण आमच्याकडे पीएचडी करत होती. ती एक पातळ पारदर्शक फिल्म बनवायची, रबरासारखी. दोन द्रव मिसळायचे, काचेच्या बशीत ओतायचे, ओव्हनमध्ये चार तास ठेवायचे, मग दोन दिवस स्पिरिटमध्ये भिजवून धुवायचं. नंतर त्या फिल्मवर कोंबडीच्या अंड्यातल्या, आठ दिवसांच्या गर्भाच्या मेंदूतल्या पेशी सोडायच्या. आणि बघायचं, त्या कशा वाढतात.

कशासाठी, हे तिनेच मला एकदा कँटीनमध्ये सांगितलं होतं. दह्याच्या वाटीत चमचा फिरवून म्हणाली, "मेंदू घडत असताना असा असतो. इतका मऊ. आणि आपण त्याच्या पेशी वाढवतो कुठे? काचेवर! म्हणजे गादीवर झोपणाऱ्या माणसाला फरशीवर टाकायचं आणि म्हणायचं, हा झोपत का नाही."

मला एका दमात कळलं होतं. त्या दिवसापासून मी तिच्या कामाला माझं काम समजायला लागलो.

तर सोळा फेब्रुवारीच्या बॅचवर चमत्कार झाला. पेशींना फांद्या फुटल्या. दोडक्याच्या वेलाला ताणे फुटतात तशा, लांबच लांब, एकमेकींना शोधत गेलेल्या. फोटो बघून झूलॉजीच्या बिडकर मॅडम खुर्चीतून उठल्या होत्या. पेशींचं सगळं काम त्यांच्याच लॅबमध्ये चालायचं. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं अंडी फोडतेय मी. असं नाही पाहिलं."

पेपर लिहिला, पाठवला. उत्तर आलं, छान आहे, अजून तीनदा करून दाखवा.

आणि ते परत झालंच नाही.

नऊ वेळा केलं. नऊही वेळा पेशी वाटाण्यासारख्या गोल होऊन बसल्या. मग कुणीतरी निनावी पत्र टाकलं कुलगुरूंकडे. फोटो इंटरनेटवरून उचललाय म्हणून. चौकशी समिती बसली. आमचे विभागप्रमुख कुलथे सर, बिडकर मॅडम आणि बाहेरच्या विद्यापीठाचे एक सर. मीटिंग शुक्रवारी अकराला. आज होता बुधवार.

"काही निघालं नाही तर नोंदणी रद्द," शाहीनताई म्हणाली. "आणि चोर म्हणून रद्द, प्रल्हाद. नुसती रद्द असती तर चाललं असतं. अब्बा रोज फोनवर विचारतात, बेटा, किताब झाली का? काय सांगू त्यांना?"

रजिस्टर जागेवर ठेवलं आणि जेवायला जातो म्हणून निघालो.

*

कँटीनमध्ये धम्मपाल बसलेला. धम्मपाल ढवळे, माझा रूम पार्टनर. हा राजकीय मानवशास्त्रात पीएचडी करत होता. म्हणजे काय, हे त्याने मला सहा महिने समजावलं आणि मी सहा महिने त्याची टिंगल केली. त्याचा विषय होता, लोडशेडिंगमध्ये वीज कुणाची जाते, कुणाची राहते, आणि ते ठरवतं कोण. त्यासाठी हा आमचं विद्यापीठ ज्या माळावर आहे त्याच्या पायथ्याच्या सबस्टेशनमध्ये रोज जाऊन ऑपरेटरशेजारी बसायचा. कोणती लाईन किती वाजता बंद, किती वाजता चालू, मधे कुणाचे फोन आले, सगळं वहीत.

"या, बटणाचे डॉक्टर," मी म्हणालो. सवयीने.

"तोंड का उतरलंय?"

सांगितलं. शाहीनताई, नऊ वेळा, शुक्रवार. धम्मपाल पोहे खात ऐकत होता. मधेच थांबला.

"चांगली झालेली बॅच कोणत्या तारखेची?"

"सोळा फेब्रुवारी."

"खालच्या गावच्या जत्रेचा दिवस?"

"हां."

"किती वाजता ओव्हनमध्ये होती?"

"दहा ते दोन."

त्याने चमचा खाली ठेवला. "पल्या, त्या दिवशी दुपारी माळावर वीज नव्हती."

"येड्यासारखं बोलू नको. होती की. माईक चालू होता, मोटर चालू होती, मी स्वतः…"

आणि माझी जीभ जागेवर थांबली.

"बोल ना," धम्मपाल म्हणाला. "तू स्वतः कुठे होतास?"

मी कुस्त्यांच्या फडात होतो. सकाळी दहाला बशा ओव्हनमध्ये ठेवल्या, खटका दाबला, लाल दिवा लागलेला बघितला आणि सायकल मारत खालच्या गावात गेलो. दोन-सव्वादोनला परत आलो. दिवा चालू होता. ओव्हन कोमट होता. बशा काढल्या.

धम्मपालने पिशवीतून वही काढली. निळी, लांबट, कोपरे दुमडलेली. पानं उलटत गेला.

"ऐक. सोळा दोन. अकरा दहा, माळ फीडर बंद. यादीत नाही. खालच्या गावातून तीन फोन. फडाची माती उडतेय, पाणी मारायला मोटर पाहिजे, माईक पाहिजे. लोड पुरत नाही. ऑपरेटर म्हणाला, माळ बंद करू, तिथं कोण बोंबलणार आहे? एक पंचेचाळीस, शेवटची कुस्ती सुटली. माळ चालू."

मी वही ओढून घेतली. अक्षर वाकडं पण आकडे स्वच्छ.

विद्यापीठाच्या मोठ्या इमारतीला जनरेटर होता. अंड्यांची पेटी, पेशींची पेटी, सगळं त्याच्यावर. आमच्या पत्र्याच्या शेडला नव्हता. म्हणजे दहा ते अकरा दहा, ओव्हन चालला सत्तर मिनिटं. मग अडीच तास नुसता थंड होत पडला. शेवटी अर्धा तास जरा कोमट.

आणि मी? माझ्या ओव्हनची वीज फडातली माती भिजवत होती आणि मी तिथेच बसून टाळ्या वाजवत होतो.

"पण तुझं रजिस्टर तर दहा ते दोन म्हणतंय," धम्मपाल म्हणाला. "दर तासाचं तापमान पण असतं ना त्यात?"

"असतं."

"मग?"

"मी सोमवारी लिहितो."

"काय?"

"सोमवारी सकाळी. सगळ्या आठवड्याचं, आधीच. आधीच्या असिस्टंटने तसंच शिकवलं होतं. कोण कधी तपासायला येईल सांगता येत नाही, पान कोरं दिसायला नको."

धम्मपाल हसायलाच लागला, पोह्यांचा ठसका लागेपर्यंत. मला मात्र हसू येत नव्हतं. मला बोटं आठवत होती. त्या दिवशी बशी काढताना कडेला बोट लागलं होतं आणि फिल्म बोटाला ओढ घेत होती. चिकट. कच्ची. मला तेव्हाच कळलं होतं, काहीतरी राहिलंय. आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही. बशा स्पिरिटमध्ये टाकल्या आणि विषय संपवला.

कच्ची म्हणजे मऊ. मऊ म्हणजे दही.

"धम्म्या," मी म्हणालो, "ती फिल्म मेंदूइतकी मऊ झाली होती."

तो हसायचा थांबला.

*

"एक रस्ता आहे," कँटीनच्या बाहेर येताना धम्मपाल म्हणाला. "ताईला फक्त सांग, वेळ कमी करून बघा. तुझं नाव कुठेच येत नाही. नोकरी राहते."

मी पण तोच विचार करत होतो, खोटं कशाला बोलू. पण हिशेब जमत नव्हता. नवीन बॅच भिजवायला दोन दिवस, वर पेशी वाढायला तीन. मीटिंग परवा. आणि समितीसमोर रजिस्टर राहणारच, चार तास म्हणून छाती काढून. तिने सत्तर मिनिटांत करून दाखवलं तरी ते म्हणणार, मग फेब्रुवारीचा फोटो चार तासांवर कसा आला? जोपर्यंत ते पान खरं आहे, तोपर्यंत शाहीनताई खोटी आहे.

"वही देशील?" मी विचारलं.

"वही देईन. पण तोंड तुलाच उघडावं लागेल."

शेडमध्ये गेलो. शाहीनताई बशा पुसत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फड, सोमवार, चिकट बोट. काही गाळलं नाही. ती पुसतच राहिली. एकच बशी, गोल गोल.

"नऊ वेळा, प्रल्हाद," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "नऊ वेळा मी स्वतःला वेडी म्हणाले. मला वाटलं मीच स्वप्नात बघितलं ते. आणि परवा तुला विचारलं, काल विचारलं, आज विचारलं."

"हो."

"तू रजिस्टर दाखवलंस."

"हो ताई."

तिने बशी ठेवली. मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं. पण ती भुवया जुळवून ओव्हनकडे बघायला लागली.

"नंतरच्या नऊ वेळेला तू कुठे होतास?"

"इथेच. हललो नाही. पेपरचं काम म्हणून. मधे वीज गेली तर तेवढा वेळ वाढवून चार तास पुरे करत होतो."

"म्हणजे तू कामचुकारपणा केलास तेव्हा जमलं," ती म्हणाली, "आणि प्रामाणिकपणे केलंस तेव्हा सगळं बिघडलं."

"तसंच झालं म्हणायचं."

"या अल्लाह," ती म्हणाली आणि कपाळावर हात मारला. रडतेय की हसतेय, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मग एकदम उठली. "सत्तर मिनिटं ना? द्रव काढ. पहिली बॅच आत्ताच लावू. आणि घड्याळ काढ तुझं, टेबलावर ठेव. सायकलची किल्ली पण."

*

शुक्रवारी कुलथे सरांच्या केबिनमध्ये मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आणि धम्मपाल बाहेर उभे होतो. आत शाहीनताईला बाहेरचे सर विचारत होते, "मग फेब्रुवारीत झालं आणि नंतर नाही, याचं काय स्पष्टीकरण?" ती माझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "स्पष्टीकरण आहे सर, पण ते सांगायचा हक्क माझा नाही."

मी दार ढकललं.

"काय रे?" कुलथे सर. त्यांचा आवाज तसा हळू, पण अख्खा विभाग त्याला टरकायचा.

"सर, ते स्पष्टीकरण मी आहे."

सांगितलं. कुलथे सरांनी रजिस्टर मागवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि फेब्रुवारीचं पान डोळ्यांजवळ धरलं. सगळी एकच शाई, एकच हात.

"हे कधी लिहिलंस?"

"सोमवारी सर. तेरा तारखेला."

"म्हणजे गुरुवारी दुपारी एकला एकोणसाठ डिग्री होतं, हे तुला सोमवारीच कळलं होतं?"

"हो सर."

"एकोणसाठ का? साठ का नाही?"

"खरं वाटावं म्हणून सर."

बाहेरचे सर खोकल्याचं नाटक करत खिडकीकडे वळले. बिडकर मॅडमनी पदर तोंडाला लावला. कुलथे सर मात्र हसले नाहीत.

"आणि वीज गेली होती, याला पुरावा? का ते पण तू लिहिलंस?"

धम्मपाल पुढे झाला. वही टेबलावर ठेवली.

"तुम्ही कोण?"

"धम्मपाल ढवळे. राजकीय मानवशास्त्र."

"मानवशास्त्राचा इथे काय संबंध?"

"परवापर्यंत मलाही वाटत नव्हतं सर," धम्मपाल म्हणाला. "पण त्या दिवशी खालच्या गावात कुस्त्या होत्या. गावाकडून फोन गेले, विद्यापीठाकडून गेला नाही. म्हणून वीज तिकडे गेली. माझा विषय एवढाच आहे. त्यातून मेंदूला फांद्या फुटतील हे मला माहीत नव्हतं."

कुलथे सरांनी पान वाचलं. परत वाचलं. मग वही बाहेरच्या सरांकडे सरकवली.

"कच्ची फिल्म पेशींना मारते," बिडकर मॅडम म्हणाल्या. "न जमलेला माल विषारी असतो."

"म्हणूनच दोन दिवस स्पिरिट, मॅडम," शाहीनताई पुढे सरकून म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "सुटा माल धुऊन जातो. उरतो तो मऊ भाग. सर, मला करून दाखवू द्या. तुमच्यासमोर. वेळ तुम्ही लावा."

कुलथे सरांनी चष्मा खाली घेतला. "बुधवारपर्यंत," ते म्हणाले. "आधी लावलेली बॅच धरायची नाही. आणि ओव्हनला हा हात लावणार नाही. मी बसेन."

*

आणि बसले की! विभागप्रमुख माणूस, पत्र्याच्या शेडमध्ये, स्टुलावर, मनगटी घड्याळ हातात धरून. पाच बशा होत्या. चाळीस मिनिटांची, सत्तरची, दोन तासांची, तीनची, चारची. प्रत्येक बशी ते स्वतः काढत होते आणि रजिस्टरमध्ये स्वतः लिहीत होते. मी दारात उभा. एकदा न बघताच म्हणाले, "आत ये. तापमान वाचून सांग. आत्ताचं."

मी वाचलं. त्यांनी लिहिलं. अठ्ठावन्न.

स्पिरिटचे दिवस संपले, रविवारी पेशी सोडल्या. कोणती बशी कोणती हे बिडकर मॅडमनी चिठ्ठ्यांवर लिहून पाकिटात बंद केलं आणि बशांवर नुसते एक ते पाच नंबर टाकले. शाहीनताईलाही माहीत नाही, मलाही नाही. आम्ही सोमवार, मंगळवार जेवलो की नाही आठवत नाही.

बुधवारी सकाळी दहाला मायक्रोस्कोपसमोर पहिले कुलथे सर बसले. एक नंबर. बशी बाजूला ठेवली. दोन नंबर. काही नाही. शाहीनताईने ओढणीचं टोक मुठीत धरलेलं. तीन नंबर. सरांनी बशी काढली, भिंगाची काच पुसली, बशी परत लावली. मग चार, मग पाच. आणि पुन्हा तीन.

"वासंती," ते बिडकर मॅडमना म्हणाले. आम्ही त्यांना मॅडमचं नाव घेताना पहिल्यांदा ऐकलं. "बघा जरा. मला भास होतोय का?"

मॅडम वाकल्या. आणि ओरडल्याच. "अगं बाई! अगं शाहीन, बघ! फेब्रुवारीपेक्षा लांब आहेत!"

बाहेरच्या सरांनी पाकीट फाडलं. तीन नंबर, सत्तर मिनिटं. चाळीसवाल्या बशीत पेशी मेल्या होत्या, दोन तासांनंतरच्या सगळ्या वाटाणे. मधे एकच बशी, आणि तिच्यात वेलच वेल.

कुलथे सर खुर्चीवरून उठले. "शाहीन, इथे बस," ते म्हणाले. "तुझी जागा आहे ही."

ती बसली. डोळा भिंगाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग तसंच, डोळा न काढता, मोबाईल चाचपडून कानाला लावला. "अब्बा? हां. हो रही है किताब. हां. पक्की."

मी बाहेर व्हरांड्यात पळालो. धम्मपाल पायरीवर बसला होता. "तीन!" मी ओरडलो. "सत्तर मिनिटं! तीन नंबर!" त्याने वही हवेत उडवली. वही पडली ती थेट झाडांना पाणी घालायच्या हौदात, आणि आम्ही दोघं बुटांसकट आत. सहा महिन्यांची फोनची नोंद वाळवायला आख्खी दुपार लागली. पान पान उन्हात, वर खडे.

मला मेमो मिळाला. कडक भाषेत. मी तो लॅमिनेट करून ठेवलाय. नोकरी राहिली, कारण कुलथे सर समितीला म्हणाले, "याला काढला तर उद्यापासून दुसरा कुणी खरं सांगणार नाही." पेपर जूनमध्ये छापून आला. लेखकांमध्ये शाहीन पठाण पहिली, शेवटून दुसरा मी. वीज बंद झाल्याच्या वेळांसाठी आभार, धम्मपाल ढवळे. मटेरियलच्या पेपरमध्ये सबस्टेशनचे आभार मानलेले मी तरी दुसरीकडे कुठे बघितले नाहीत.

त्या दुपारी, ओल्या कपड्यांनी, ओळीने मांडलेल्या पानांची राखण करत आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. धम्मपाल म्हणाला, "पल्या, हे मी प्रबंधात घेणार. एक अख्खं प्रकरण. गावात एक फोन जातो आणि माळावर काय काय होतं."

"घे की."

"नाव बदलतो तुझं. आमच्यात रीतच आहे. माणसाला त्रास व्हायला नको. सोमवारी आठवडा लिहून ठेवणारा माणूस, उद्या कुणी ओळखलं तर कुठे नोकरी मिळायची नाही तुला."

मी उडायला लागलेल्या एका पानावर खडा ठेवला.

"बदलू नको."

"अरे, छापलं की कायमचं राहतं."

"राहू दे. प्रल्हाद खंदारे लिही. आणि मी कुस्त्या बघत बसलो होतो ते पण लिही."

"तोंडी परीक्षेला विचारतील मला. हा माणूस खरा आहे का तुम्ही रचलाय, म्हणतील. काय सांगू?"

"तू काही सांगू नको," मी म्हणालो. "मी येतो त्या दिवशी. मागच्या बाकावर बसतो. त्यांनी विचारलं की उभा राहतो आणि म्हणतो, तो मीच. शब्द आहे माझा, धम्म्या."